फर्मान आणि शिरस्ता

महसूल खात्यात 36 वर्षे कलमे घासून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याजवळ जी काही स्थावर-जंगम मालमत्ता असते, तीत माझ्या वाट्यास आलेली सर्वांत ठळक वस्तू म्हणजे माझे पोट होय. ते सर्वस्वी स्वकष्टार्जित असल्यामुळे त्यावर भाऊबंदांपैकी कोणाचाही दावा चालत नाही. आमच्या पालीहून बीडला जाताना जी खजाना बावडी लागते, तिचे पाणी ऐन दुष्काळातही आटत नाही अशी तिची ख्याती आहे. बीडच्या डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा कागद हाती धरून माझ्या पोटाविषयी जे उद्गार काढले, ते साधारण याच आशयाचे होते, मात्र त्यांत कौतुकाचा अंश नव्हता.

ही वार्ता पुण्यास पोहोचताच तेथे नोकरीस असलेला माझा पुतण्या एक छापील तक्ता घेऊन हजर झाला. ‘वर्ज्य’ या सदराखाली भात, बटाटा, साखर, साय आणि शेंगदाणे, म्हणजे ज्या ज्या पदार्थांनी मला आजवर माणसांत ठेवले ते सारे, ओळीने आरोपीसारखे उभे होते. आणि ‘ग्राह्य’ या सदराखाली अशी नावे होती की त्यांतील निम्म्यांचा पत्ता पालीच्या किराणा दुकानदाराने मलाच उलट विचारला. निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली खरी, परंतु फर्मान निघताच मान तुकवणे आणि ते मोडण्याची वाट त्याच दिवशी शोधून ठेवणे हे आम्हां मराठवाड्यातील माणसांचे कसब काही तिच्याबरोबर गेले नाही. नवव्या दिवशी मी चौसाळ्याला लग्नास निघालो, घाट चढून मांजरसुंब्यास गाडी थांबली, आणि तेथील रबडी तक्त्याच्या कोणत्याच सदरात नमूद नसल्यामुळे तिला मनाई नाही, असा अर्थ मी कचेरीच्या रिवाजाप्रमाणे लावला.

त्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत अंगीकारून पाहिली. दिवसातून दोनदाच जेवावे आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपावे, हा तिचा सर्वश्रुत नियम. पद्धतीस मी दोष देत नाही. तिच्यावर वजन उतरवलेली माणसे आमच्या आळीतच आहेत. परंतु ज्याने सबंध हयात 31 मार्चपूर्वी अनुदान खर्ची टाकण्यात घालवली, त्याला मुदत दिली की ती शेवटच्या मिनिटापर्यंत कारणी लावल्यावाचून चैन पडत नाही. चोपन्नाव्या मिनिटाला मी गुळाचा खडा तोंडात टाकत असे.

सौभाग्यवतीने या सर्व घडामोडींत एक शब्दही उच्चारला नाही. तिने काय केले याचा उलगडा मला दोन महिन्यांनी, पायजम्याची नाडी आवळावी लागली तेव्हा झाला, आणि मग मी स्वयंपाकघराची रीतसर तपासणी केली. साखरेचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेला होता. तो काढावयाचा तर स्टुलावर चढावे लागते, आणि माझा गुडघा त्यास मंजुरी देत नाही. हाताशी जेथे फरसाणाची बरणी असे, तेथे फुटाण्यांची होती. चहाचा कप तोच, पण तो आता अर्धाच भरून येत होता. ताट बदलले होते: वडिलांच्या वेळचे परातीएवढे पितळी ताट जाऊन एक बेताचे स्टीलचे ताट आले होते, आणि त्यात अंबाडीची किंवा करडईची भाजी पसरली की दुसऱ्या पदार्थास पाय ठेवावयास जागा उरत नसे.

परंतु खरी क्रांती झाली होती ती भाकरीच्या रूपाने. मी शाळेत होतो तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळे आणि आम्हांला रेशनवरची मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्या भाकरीने माझ्या मनात अशी अढी बसवली की पगार सुरू होताच मी घरात गव्हाची पोळी आणली, आणि पुढे भाकरी खाणे ही मला एक प्रकारची पदावनती वाटू लागली. पुढे 2023 हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीस ‘श्रीअन्न’ असा किताब मिळाला, तेव्हा कोठे माझी हरकत काहीशी सैल झाली.

आता पोळीचा आणि भाकरीचा भेद पाहा. पोळ्या डब्यात चळत करून तयार असतात. बोलता बोलता हात जातो आणि हिशेब राहत नाही. भाकरी एकेक थापावी लागते, तव्यावर टाकावी लागते, तिला पाणी फिरवावे लागते, विस्तवावर फुगवावी लागते. पोट भरल्याचे वर्तमान डोक्यात पोहोचण्यास वीसेक मिनिटे लागतात असे डॉक्टर सांगतात. तलाठ्याचा कागद जिल्ह्यास जाण्याच्या मानाने हा वेग विलक्षणच म्हटला पाहिजे, परंतु पोळी खाणाऱ्याचे तेवढ्या अवधीत सगळे उरकलेले असते. दुसरी भाकरी संपवून तिसरीची वाट पाहत, थापण्याचा आवाज ऐकत बसलो, की पोटाचा तो कागद मजल दरमजल करीत वर पोहोचतो, आणि मी आपणहून म्हणतो, “असू दे आता.” फर्मानाला पळवाट काढता येते, कारण ते लिहिलेले असते, शिरस्ता कोठेच लिहिलेला नसतो, त्याला पळवाट काढावी कोठून? हे मला साऱ्या नोकरीत ठाऊक होते, पण घरी ती कारकुनी दुसरेच कोणी चालवीत होते.

रबडी बंद झालेली नाही. महिन्यातून एकदा ती येते, एका वाटीत येते, आणि त्या वाटीत दोन चमचे असतात.

दिवाळीस पुतण्या आला. माझ्याकडे आपादमस्तक पाहून त्याने मोठ्या समाधानाने विचारले, “काका, तक्ता पाळला ना?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच सौभाग्यवतीने माळ्यावरून ते वडिलांचे पितळी ताट काढले, घासूनपुसून पाहुण्यासमोर मांडले, आणि “घे रे बाळा, वाळलास किती” असे म्हणत त्यात येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि लोण्याचा गोळा वाढला. त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. मी माझ्या स्टीलच्या ताटावरून, तोंडाला सुटलेले पाणी गिळीत, त्या मोजल्या.