कमाल भाव शेजाऱ्याचा

भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’मध्ये पृथ्वीच्या मध्यरेखेवरची जी ठिकाणं सांगितली, त्यांत उज्जैन आणि कुरुक्षेत्राच्या पंगतीला वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम, बसवलं आहे. आजच्या नकाशात वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून जास्त सरकलेलं दिसतं. रेषा सरळच हवी तर कुणीतरी गाव उचलून ठेवायला हवं. बाराव्या शतकातल्या साधनांना एवढं माफ आहे. पण सरासरी नावाची रेषा आपण आजही अशीच ओढतो.

ही रेषा चुकली की ‘आपल्या लोकांना आकडे कळत नाहीत’ असं म्हणायची शहाण्यांत पद्धत आहे. त्यांनी सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीत जाऊन यावं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सवासात क्विंटलचे किती? पावकी-निमकीचे पाढे पाठ असलेला म्हातारा सातपट करून त्यात चौथाई मिसळतो आणि नातवाचा मोबाइल खिशातून निघेपर्यंत ३८,६२८ सांगून मोकळा होतो. (हमीभाव हातात पडतो का, हा निराळा विषय; तिथं औटकीही कामाची नाही.) बरं, हे नुसतं पाठांतर म्हणावं, तर समितीच्या फळ्यावर भाव तीन असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मधला आकडा एकटा वाचायचा नसतो, दोन्ही टोकं बघायची असतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कमाल भाव नेहमी शेजाऱ्याच्या मालाला मिळतो, हेही.

आता पैसेवारी घ्या. पूर्ण पीक सोळा आणे धरायचे तेव्हा ती आणेवारी होती. १९५७मध्ये दशमान नाणी आली, तरी पारावर तिचं नाव आणेवारीच आहे. गावाचं पीक शंभर पैशांपैकी किती, एवढा एकच आकडा. सवलतींची दारं वर्षानुवर्षं पन्नासाच्या उंबऱ्यावर उघडत-मिटत आली. एकोणपन्नास पैसे म्हणजे संकट, एक्कावन्न म्हणजे सुगी. नाल्याकाठच्या काळ्या रानात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलेलं असतं, वरच्या मुरमाड टेकावर तेच पीक बरं असतं. दोन्हींची बेरीज करून भागलं की गाव सुखरूप! ज्याचं रान चिबडलं त्याला टेकावरच्या शेंगा मोजून दाखवायच्या, याला कागदावर सरासरी म्हणतात.

यावर म्हणतील, सरकारनं काय प्रत्येक बांधावर जावं? मुळीच नाही. नमुन्याच्या प्लॉटमधली पीककापणी नीट झाली तर सगळं गाव कापायची गरज नसते; संख्याशास्त्राची खरी करामत तीच. दुसरा आक्षेप असा की २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनं पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती असे निर्देशांक पुढे आणले आहेत. आणले, चांगलंच केलं. पण निर्देशांक वाढले म्हणून सरासरीची खोड जात नाही. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. आणि पर्जन्यमापक असतो एका जागी, ढग फुटतो दुसऱ्या. माझं मागणं किरकोळ आहे: फळ्यावर सोयाबीनला जो मान मिळतो तो कागदावर शेताला द्या. पैसेवारीचेही तीन रकाने करा. फॉर्ममध्ये जागा नाही म्हणाल तर शेरा लहान करा. किमान पैसेवारीच्या रकान्याला दावेदार भरपूर मिळतील. कमालवालं शेत कुणाचं, असं ग्रामसभेत विचारलं तर मात्र एकही हात वर होणार नाही. ते शेत शेजाऱ्याचं.