नव्या कोऱ्या गणित पेटीचे कौतुक नको

शाळेतल्या गणित साहित्याची तपासणी एका प्रश्नात होते : यातले किती मणी हरवले? एकही नाही, असे उत्तर आले तर पेटी मुलांपर्यंत पोचलेली नाही. पहिली-दुसरीतल्या मुलांनी रोज हाताळलेल्या माळेचा दोरा तुटतो, काड्या मोडतात, ठोकळ्यांचे कोपरे झिजतात. तसे व्हायलाच हवे.

आपल्याकडे मात्र साहित्य आले की साठा नोंदवहीत चढते आणि त्या दिवसापासून जपून ठेवायची वस्तू होते. मणी हरवला तर गुरुजींनी हिशेब द्यायचा. मूल वजाबाकीत हरवले तर हिशेब कोणी मागत नाही. मग कपाटाला कुलूप लागते. यात मी गुरुजींना कमी आणि नोंदवहीला जास्त दोष देतो.

कुलपात नेमके काय अडकते, ते पाहू. 52 वजा 27. कितीतरी मुले उत्तर लिहितात 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन घालवतात. ‘हातचा घे’ असे दहादा सांगितले तरी हातचा म्हणजे काय, हे हाताला कधी कळलेलेच नसते. मुलाला दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या द्या. त्यातल्या सत्तावीस बाजूला काढायला सांगा. एक जुडी सोडल्याशिवाय त्याचे भागतच नाही. ती जुडी सोडणे म्हणजेच हातचा.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या मुलांना हे नवीन नाही. धानाचा मुलूख आहे. मोठ्यांना पऱ्हे उपटून पेंढ्या बांधताना आणि रोवणीच्या वेळी त्या बांधीत सोडताना ती दर पावसाळ्यात पाहतात. हातात दोन रोपे उरली आणि सात हवी असली तर पुढची पेंढी सोडावी लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ते ज्ञान वर्गात आणायची परवानगी मात्र त्यांना मिळायला हवी.

आता गणितमाळ. शंभर मणी, दर दहा मण्यांना रंग बदलतो. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ संस्थेने ही माळ भारतातल्या शाळांत रुजवली; तिच्यामागचा विचार हान्स फ्रॉइडेंथाल या डच गणितज्ञाच्या परंपरेतला आहे. माळेवर मूल 52 पासून वीस मागे येते, 32 वर थांबते. आणखी दोन मागे, 30. आणखी पाच, 25. पुढे तीच माळ वहीत एक रेघ होते, त्यावर उड्या काढल्या जातात आणि एके दिवशी रेघही लागत नाही. वस्तू, चित्र, मग आकडा. वस्तूवरच थांबलो तर खेळ झाला, गणित झाले नाही. आकड्यापासूनच सुरुवात केली तर पाठांतर झाले.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची सोपी रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांची अडचण खरी आहे. अडचण खरीच आहे : बोलताना सात आधी येतात, लिहिताना दोन. पण माळेवर वीस मणी ओलांडून पुढचे सात मोजणाऱ्या मुलाला दोन्ही रीती पेलतात. त्या वादाच्या निम्म्या तावातावाने आपण वर्गात किती माळा आहेत, हे विचारले असते तर अधिक मुले शहाणी झाली असती.

वरच्या इयत्तांत तर साहित्य पेटीत मावतही नाही. चाळीस मीटर दोरी घ्या, चार खुंट्या ठोका, दहा बाय दहाचा चौरस आखा. शंभर चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर. आता त्याच दोरीने पंधरा बाय पाचचा आयत करा. दोरी तेवढीच, जमीन 75 चौरस मीटर. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत करणाऱ्या मुलाला हा फरक पायांनी चालून कळतो.

रोवणी 20 बाय 15 सेंटिमीटरवर केली तर एक चौरस मीटरमध्ये किती चुडे बसतील? गणित सांगते 33च्या आसपास. मग बांधीत जाऊन मोजा आणि फरक का पडला, यावर भांडा. धानाचे पोते 40 किलोचे, अडीच पोत्यांचा क्विंटल. 2024-25 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. मग एका पोत्याचे किती? 920. हे उत्तर काढणारी चौथी-पाचवीची मुलगी उद्या काट्यापाशी बापाच्या शेजारी उभी राहील, तेव्हा पावती तिच्या नजरेखालून जाईल. तालुक्यातल्याच आंधळगावच्या कोसा साडीच्या काठावरची नक्षी कितव्या धाग्याला पुन्हा येते, हे विचारले की पाढ्यांनाही अर्थ येतो.

तेव्हा मागणी सरळ आहे. साहित्याची झीज हा शिक्षणाचा खर्च धरा. खडू संपला म्हणून कोणी खुलासा मागतो का? मणी, दोरा, काड्या दरवर्षी नव्याने द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्यासाठी पाठपुरावा करावा. एकच मोठी माळ फळ्याशेजारी टांगून भागत नाही. दोघांत एक तरी लहान माळ हवी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सजवलेल्या साहित्याचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा मुलाने काय हाताळले आणि त्यावर कोणता प्रश्न विचारला, हे शिक्षकांनी एकमेकांना सांगावे. आणि केंद्रप्रमुखांनी भेटीत नोंदवही बाजूला ठेवून एका मुलाला विचारावे : 52 मधून 27 घालव आणि कसे घालवलेस ते मला करून दाखव. शाळेचा शेरा त्यावर लिहा.