घरच्या घरी यंत्रमानव : पालकांसाठी आचारसंहिता

यंत्रमानव बनवण्यासाठी आठ वर्षांच्या पुढचे एक मूल पुरेसे असते. जोडीला एक प्रौढ लागतो, पण तो कात्री शोधून देण्यापुरता आणि परवानगी देण्यापुरता. अडचण अशी, की घरातला प्रौढ एवढ्या दुय्यम भूमिकेला सहसा तयार होत नाही. रविवारी सकाळी मूल विचारते, "बाबा, आपण रोबो करूया?" दुपारी साडेबाराला बाबा फरशीवर पालथे पडून वायर सोलत असतात आणि मूल शेजारच्यांकडे कॅरम खेळत असते. ही परिस्थिती टाळण्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. मुलांना त्याची गरज नाही. त्यांनी ते वाचले तरी हरकत नाही, फक्त बाबांसमोर मोठ्याने वाचू नये.

प्रथम नमुना ठरवावा. या टप्प्यावर नातेवाइकांना विचारू नये. एक काका "क्लास लावा, हल्ली कोडिंगशिवाय काही नाही" असे सांगतील, आतेभाऊ परदेशातून किट पाठवण्याचे आश्वासन देईल, आणि दोन्हींची वाट पाहण्यात मूल दहावीला पोहोचेल. आपण घ्यावा तो चित्रे काढणारा थरथऱ्या यंत्रमानव. प्लॅस्टिकचा एक पेला उपडा, त्याला तीन स्केचपेनांचे पाय, डोक्यावर खेळण्यातली मोटर, पोटाला दोन पेन्सिल सेल. तो टेबलावर थरथरतो, सरकतो आणि जाईल तिथे वेटोळी काढतो. दुसरे काहीही त्याला येत नाही.

याला यंत्रमानव म्हणायचे का, ही शंका काका काढणारच. त्यासाठी दोन उत्तरे तयार ठेवावीत. एक, कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या ज्या नाटकातून रोबो जगभर गेले, त्यातले रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते कारखान्यात तयार केलेल्या कृत्रिम मांसमज्जेचे होते. त्या हिशेबाने स्क्रू असलेला कोणताही रोबो मूळ व्याख्येत बसत नाही, तेव्हा आपल्या पेल्यालाच का अडवावे? दोन, इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवे केली. त्यांच्या पोटात संगणक नव्हता, प्रत्येकी दोन निर्वात नळ्या होत्या. तरीही ती उजेडाच्या दिशेने जात आणि अडखळली की वाट बदलत. काका यावर "पण त्यांना डोळा तरी होता" असे म्हणाले, तर ते मान्य करावे आणि चहा पुढे करावा.

साहित्यात मोटर सर्वांत महत्त्वाची. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत जावे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पाटीवर त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असले, तरी वाट विचारताना तसे विचारू नये. दुकानदार "किती व्होल्टची?" असे विचारील. उत्तर "तीन" असे ठामपणे द्यावे. "चांगलीतली द्या" असे म्हटल्यास बारा व्होल्टची मोटर हातात पडते आणि दोन सेलांवर ती घरी येऊन नुसती कुरकुरते. बाजारात जायचे नसेल तर जत्रेतून आणलेली, चाक मोडलेली मोटारगाडी घरात कुठेतरी असतेच. ती फोडण्याचा अधिकार सर्वस्वी मुलाचा. आतली मोटरही मोडकी निघाली तर तिचेही पोट उघडू द्यावे. वाकलेले दोन चुंबक, तीन फाट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि त्या तारेला क्षणोक्षणी वीज उलटसुलट पोचवणाऱ्या दोन बारीक पत्र्या, एवढाच संसार दिसतो. तो पाहण्यात अर्धा तास गेला तर तो कामातच धरावा.

सेल घरातच मिळतात, पण त्यांचे मालक असतात. टीव्हीच्या रिमोटचे आजीच्या मालिकेआधी काढू नयेत. शिवाय रिमोट चालतो म्हणून मोटर चालेलच असे नाही. रिमोटला बटण दाबल्यावर निमिषभर थोडीशी वीज लागते, मोटरला मात्र शेकडो मिलिअँपिअर सलग हवे असतात. याची उलट बाजू आजीला आवर्जून सांगण्याजोगी आहे : मोटरसाठी संपलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कितीतरी महिने चालतो. ही देवाणघेवाण मान्य झाली तर घरात शांतता राहते.

बटण सेल वापरू नयेत. दात घासायच्या ब्रशचे डोके कापून त्यावर मोबाइलमधली चिमुकली मोटर आणि बटण सेल बसवून केलेला किड्याएवढा रोबो दिसायला फार गोंडस असतो, म्हणूनच हे वाक्य या मार्गदर्शनात विनोदाशिवाय लिहिले आहे. सीआर २०३२ हा नेहमीचा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नये, शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. घरात रांगते भावंड असेल तर हे सेल घरात सुटे आणूच नयेत.

हत्यारे : कात्री, चिकटपट्टी, खोडरबर. सोल्डरिंगची गरज नाही. वायरची टोके दातांनी सोलू नयेत. पंखा दुरुस्त करायला येणारा इलेक्ट्रिशियन नेमके तेच करतो आणि मूल ते टक लावून पाहत असते, म्हणून हा नियम सांगताना मुलाच्या नजरेला नजर देऊ नये.

आता कृती. पेला उपडा ठेवावा. तीन स्केचपेने, टोके खाली, पेल्याच्या बाहेरून चिकटपट्टीने बांधावीत, काठाखाली दोन बोटे उतरतील अशी. टोपणे शेवटपर्यंत काढू नयेत, हे प्रौढांसाठीही आहे. पाय तीनच का? कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जाते, त्यामुळे पेने थोडी कमीजास्त लांबीची झाली तरी तिन्ही पाय टेकलेले राहतात. चौथा पाय आला की चारांपैकी एक कायम अधांतरी. हे भूमितीत वरच्या इयत्तेत येते, पण मूल तिसरीत असल्याने ते "कोळ्याला आठ असतात" म्हणून आठ लावू पाहील. लावू द्यावेत. आठ पेनांपैकी किती कागदाला टेकतात हे त्याने स्वतः वाकून पाहिले, की पाच पेने आपोआप दप्तरात परत जातात. बाबांनी भूमिती आधी सांगितली तर मात्र आठही पेने हट्टाने जागच्या जागी राहतात.

मोटर पेल्याच्या बुडावर आडवी चिकटवावी, तिचा दांडा कडेबाहेर येईल अशी. दांड्यावर खोडरबराचा तुकडा खोचायचा आहे. या एका कामासाठी बाबांना खोलीबाहेर पाठवावे. कारण बाबा पट्टी घेऊन खोडरबराचा मध्य काढतील, तिथे टोचा मारतील आणि तो दांड्यावर सुबक बसवतील. मोटर सुरू होईल, गोड गुणगुणेल आणि यंत्रमानव जागचा हलणार नाही. हा सगळा कारभार समतोलावर नव्हे, तोल बिघडण्यावर चालतो. खोडरबर एका टोकाशी टोचले, की त्याचे वजन दांड्याच्या एकाच बाजूला फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात पेल्याला आपल्याकडे ओढते. ओल्या चादरी एकाच बाजूला गोळा झालेले वॉशिंग मशीन स्पिनला न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत जाते, तसेच हे. हिशेब हवा असेल तर २ ग्रॅमचा तुकडा, दांड्यापासून १ सेंटिमीटरवर, मिनिटाला ३,००० फेरे धरावेत. ओढ सुमारे २०० ग्रॅम वजनाइतकी येते. सेल, मोटर, पेने धरून अख्खा यंत्रमानव भरतो १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा त्याच्या दुप्पट वजनाचा हिसका त्याला बसतो. अशा परिस्थितीत कोणीही हलेल. खिशातला मोबाइल थरथरतो तोही याच युक्तीने, फक्त तिथे खोडरबराऐवजी धातूचा अर्धचंद्र किंवा तसलेच एखादे वजन असते.

येथे काही वडिलांना स्फुरण चढते आणि ते म्हणतात, "मग मोटरच घरी करू!" याचा दोष पुण्याला द्यावा. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली बाहेर पडलेले अरविंद गुप्ता यांनी पुण्यातल्या आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंतून इतकी खेळणी केली, की २०१८ साली पद्मश्री मिळाली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेचे वेटोळे यांतून होणारी त्यांची मोटर जरूर करावी, मात्र वेगळ्या रविवारी. तिच्या तारेच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा थोडा राखून, ही मेख बाबांना ठाऊक नसते. ते दोन्ही टोके चकाचक करतात आणि चुंबकाला नावे ठेवतात. शिवाय ती मोटर स्वतःपुरती फिरते, पेला ओढायला ती बांधील नाही.

सेल एकापुढे एक, एकाचे बटण दुसऱ्याच्या सपाट बुडाला लागेल असे चिकटपट्टीने बांधावेत. मूल दोन्ही बटणे समोरासमोर जोडील. मोटर गप्प राहील. आता आचारसंहितेतले सर्वांत कठीण कलम : "बघू, इकडे आण" हे तीन शब्द उच्चारू नयेत. दोन्ही हात पाठीमागे बांधावेत, जमल्यास स्वयंपाकघरात जाऊन कुणीही न सांगता कोथिंबीर निवडावी. वायरी उलट्या लागल्या तर काही बिघडत नाही, मोटर उलटी फिरते इतकेच. धावत यायचे ते एकाच वेळी : मोटरशिवायच दोन टोके एकमेकांना टेकली आणि सेल गरम होऊ लागले तर. तेव्हा वायर सोडवून पुन्हा कोथिंबिरीकडे जावे.

चाचणीसाठी मोठा कागद घ्यावा आणि त्याखाली वर्तमानपत्र त्याहून मोठे पसरावे, कारण कागद कुठे संपतो हे यंत्रमानवाला कळत नाही. टोपणे काढावीत. वायर जोडावी. तो एक गिरकी घेईल, अडेल, तिसऱ्याच दिशेला निघेल आणि मागे निळ्यालाल वेटोळ्यांची रांग सोडील. मग एक पेन वर सरकवून पाहावे, वेटोळी लांबट होतात का ते बघावे. खोडरबर लहान करावे, मोटर कडेला न्यावी. मूल हे सगळे सांगितल्याशिवाय करते. बाबांनी या काळात "मग यातून काय शिकलास?" हा प्रश्न विचारू नये. तो विचारताच मूल पेन खाली ठेवते.

पाहुण्यांसमोर यंत्रमानव चालत नाही. मामा सोफ्यावर बसले, सगळे गोळा झाले, दिवा लावला, की पट्टी सुटलेली असते, टोपणाविना राहिलेली पेने वाळलेली असतात, किंवा सेल घड्याळात गेलेले असतात. मामा "आमच्या वेळी रेडिओ सुद्धा आम्ही घरीच जोडायचो" हे सुरू करतील. तो रेडिओ लागत होता का, हे विचारू नये.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा यंत्रमानवाला शोकेसमध्ये, गतवर्षीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी ठेवायचे ठरवतात. पण मुलाला तोवर त्याच मोटरचा पंखा करायचा असतो आणि ते कात्री घेऊन चिकटपट्ट्या कापत असते. बाबांनी आपला विरोध तोंडी नोंदवावा आणि सुटी झालेली टोपणे गोळा करावीत. ती चार निघतील. चौथे कशाचे, ते आईला विचारावे.