पहिलाच पसंतीक्रम

मागच्या महिन्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. मुग्धाला सीईटीत बरे पर्सेंटाइल पडले होते, कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. "कॉम्प्युटर घ्यावं की नाही, हे तूच येऊन ठरव. आपल्यात तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?"

हे खरंच आहे. 2006 साली मी एमएस-सीआयटी पास झालो. हौसेने नव्हे, वेतनवाढ अडकू नये म्हणून. सर्टिफिकेट लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं. तेव्हापासून कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच येतो.

बैठकीला ताई, दाजी, आजी आणि शेजारचे पाटीलकाका होते. मुग्धा चहा टाकायला आत गेली होती, त्यामुळे चर्चा मोकळेपणाने झाली.

"कॉम्प्युटरचं आता काही खरं नाही," पाटीलकाका म्हणाले. "एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार."

"मग घ्यावं काय?"

"एआय घ्या."

कॉलेजांनी हे आधीच ओळखलंय. कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड एमएल, सायबर सिक्युरिटी. भात तोच, कुठे फोडणीचा, कुठे दहीभात. त्यात 2024 मध्ये एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा उठवली, म्हणजे पातेलंही वाढलं.

आजीला एवढंच हवं होतं, की काम सावलीत बसून असावं. ताईच्या डोळ्यांसमोर पुढची स्थळं होती. 'आयटी, हिंजवडी' एवढं लिहिलं की बायोडेटाला फोटोचीही गरज नाही, असं तिचं मत.

मुग्धा चहा घेऊन आली. औपचारिकता म्हणून मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

तर ती बोलायलाच लागली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघा अमेरिकन गणितींनी 1962 मध्ये कॉलेज प्रवेश आणि लग्न यांवर मिळून एकच निबंध लिहिला. (हे दोन विषय एकच आहेत, हे ताईला कुणी सांगावं लागलं नव्हतं.) विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने एकेका कॉलेजला विचारायचं. कॉलेजने अर्ज तात्पुरता धरून ठेवायचा, त्याहून सरस आला की आधीचा सोडायचा. सोडलेल्याने यादीतल्या पुढच्या दारात जायचं. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही, की दोघांनाही हातातलं सोडून एकमेकांकडे जायचंय आणि चुकामूक झालीय.

"आणि मामा, हे कधीतरी थांबतंच, हे सिद्ध करता येतं. मला हेच शिकायचंय."

"यात कॉम्प्युटर कुठे आला?"

"नाहीच. कागद-पेन्सिल पुरते."

खोलीत शांतता पसरली. मी एमएस-सीआयटीची उजळणी केली. आम्ही पेंटमध्ये घर काढलं होतं, वर्डमध्ये रजेचा अर्ज ठळक केला होता. सिद्ध काहीच केलं नव्हतं. पोरीला या क्षेत्राची नीट कल्पना नाही, हे मी ओळखलं.

"शॅपलींना पॅकेज किती होतं?" दाजींनी विचारलं.

"2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲल्विन रॉथबरोबर."

"म्हणजे पन्नास वर्षं थांबायचं. तेही निम्म्यात."

"अजून एक," मुग्धा म्हणाली, "विचारणाऱ्याला यादी खोटी लिहून कधीच फायदा होत नाही. तेही सिद्ध झालंय."

झालं असेल. गेल-शॅपलींच्या बैठकीत पाटीलकाका नव्हते.

मग मी निकाल दिला. आवड असणाऱ्याने या क्षेत्रात जाणं धोक्याचं. नोकरीसाठी आलेली मुलं चार वर्षांत सुखरूप बाहेर पडतात. आवडीने आलेली आतच अडकतात, पुढे पीएचडीपर्यंत मजल जाते. सबब, एक नंबरला घराजवळच्या कॉलेजातलं एआय अँड डेटा सायन्स, दोनला तेच जरा लांबचं, आणि मुलीचं मन राखायला कॉम्प्युटर तीनला. फॉर्म मीच भरला, टायपिंगला कुणाचा तरी हात बसलेला हवा. ओटीपी दाजींच्या मोबाइलवर आला.

पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला, की सीट आपोआप फ्रीज होते. मुग्धाची झाली. ताईने आळीभर पेढे वाटले.

"पोरीच्या मनासारखं झालं ना?" पाटीलकाकांनी पेढा घेत विचारलं.

"म्हणजे काय," दाजी म्हणाले आणि छापील अलॉटमेंट लेटर त्यांच्यापुढे धरलं. "पहिलाच पसंतीक्रम!"