पीस खराब नाही, जोडणी अर्धी आहे

सोयाबीनचे पैसे हातात पडले की हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात टीव्ही येतो, आणि हल्ली टीव्हीच्या मागोमाग साउंडबारही येतो. हिंगोलीहून खोकं येतं, पोरं वायरी खुपसतात, बारचा दिवा लागतो, आणि आवाज टीव्हीतूनच येत राहतो. एखाद्या घरात बार बोलतो, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. एखाद्या घरात नुसती घरघर. दोन दिवस खटपट होते आणि मग निकाल लागतो: पीस खराब निघाला. खोकं पुन्हा चिकटपट्टीत गुंडाळून मोटारसायकलवर हिंगोलीला. तिथे काउंटरवरच्या टीव्हीला लावलं की तोच बार खणखणीत वाजतो, आणि माणूस खाली मान घालून परत येतो.

त्या माणसानं मान खाली घालायचं काहीच कारण नाही. बहुतेक वेळा बार चांगला असतो, टीव्हीही चांगला असतो. दोघांची गाठ नीट पडलेली नसते, आणि ती पाडून देणं हे ज्यानं पैसे घेतले त्याचं काम आहे.

साउंडबार म्हणजे श्रीमंती थाट, असं म्हणणारे गावात अजून आहेत. त्यांनी स्वतःच्या टीव्हीची जाडी बघावी. जुन्या डब्बा टीव्हीत जागा होती. स्पीकर पडद्याच्या बाजूला, तोंड माणसाकडे करून बसलेला असे. आता टीव्ही बोटभर जाडीचा झाला आणि स्पीकर बारीक होऊन खालच्या कडेला किंवा पाठीमागे गेला. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो, मग खोलीत पसरतो. तरुण कानाला ते चालून जातं. सत्तरीच्या माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. संत नामदेवांचं गाव नरसी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याला टीव्हीवरच्या कीर्तनातला मृदंग ऐकू यावा आणि बुवांचं निरूपण कळू नये, हे मला लहान दुखणं वाटत नाही. त्याच्यासाठी बार ही गरजेची वस्तू आहे.

आता टीव्हीच्या पाठीमागे चला. मोबाइलची बॅटरी लावा आणि एचडीएमआयची भोकं नीट बघा. दोन असतील, तीन असतील. दिसायला सगळी सारखी. त्यातल्या एकाच भोकाजवळ बारीक अक्षरात एआरसी किंवा ईएआरसी छापलेलं असतं. बारची वायर तिथेच लागली पाहिजे. बाकीच्या भोकांतून टीव्ही फक्त आत घेतो: सेटटॉप बॉक्सचं चित्र, पेन ड्राइव्हवाल्या डब्याचं चित्र. आवाज उलट दिशेनं, टीव्हीतून बाहेर बारकडे जाण्याची सोय त्या एकाच भोकाला आहे. ही सोय एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीसोबत २००९ साली आली आणि तिची वाढीव आवृत्ती, म्हणजे ईएआरसी, २०१७ मध्ये २.१ सोबत. बारच्या बाजूलाही तोच नियम. तिथे इन आणि आउट अशी दोन भोकं असतील तर टीव्हीची वायर आउट किंवा एआरसी लिहिलेल्या भोकात जाते. विहिरीवरच्या मोटारीच्या फेज उलट्या लागल्या की पंप उलटा फिरतो, पाणी चढत नाही, आणि म्हणून कोणी मोटार भंगारात देत नाही. बारचंही तेवढंच समजा.

वायर बरोबर लागली तरी अर्धं काम उरतं, आणि ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये दडलेलं असतं. सेटिंगमध्ये साउंड, साउंडमध्ये साउंड आउटपुट; तिथे टीव्ही स्पीकर निवडलेला असेल तो बदलून एआरसी किंवा रिसीव्हर करायचा. त्याशिवाय सीईसी नावाची एक सोय चालू करावी लागते. तिच्यामुळे टीव्ही आणि बार एकमेकांना ओळखतात आणि एका रिमोटवर चालतात. ही सोय सगळीकडे एकच, पण प्रत्येक कंपनीनं तिचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये ती एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. शेजारच्या घरात शिकलेली गोष्ट आपल्या घरात उपयोगी पडू नये, अशी ही व्यवस्था आहे आणि मला ती मुळीच मान्य नाही. ज्या गावात टीव्हीची दुरुस्ती एकमेकांना विचारून होते, तिथे अशा नावांनी लोकांचं रीतसर नुकसान होतं.

सगळं बरोबर असून आवाज नसेल तर दोन्ही यंत्रं रिमोटनं बंद करू नका, पिनाच काढा. दोनपाच मिनिटं थांबा, वायर काढून पुन्हा घट्ट बसवा, मग आधी टीव्ही आणि नंतर बार चालू करा. लाइट जाऊन आली की बऱ्याच टीव्हींना बार सापडत नाही आणि ते गुपचूप स्वतःच्या स्पीकरवर परत येतात. कालपर्यंत चालणारा बार आज मुका, याचं कारण अनेकदा रात्रीची गेलेली लाइट असते. वेगळा वूफर असेल तर तोही बारशी बिनतारी जोडलेला असतो आणि लाइटच्या खेळात त्याची जोडी सुटते. त्याचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर जोडीचं बटण शोधा, वूफर दुकानात नेऊ नका.

एआरसी नसलेल्या टीव्हीला ऑप्टिकल वायर. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही पद्धत अजून टिकून आहे, आणि टिकावी अशीच आहे. ती विजेऐवजी उजेड नेते. टीव्ही चालू करून वायरचं मोकळं टोक तळहातावर धरलं की लाल ठिपका पडतो. ठिपका आहे म्हणजे टीव्ही आपलं काम करतोय. ठिपका नसेल तर टोकावरची प्लास्टिकची टोपी बघा. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना हरभऱ्याएवढी पारदर्शक टोपी असते आणि ती न काढताच वायर जोराने दाबली जाते. ती टोपी काढली की वायर टक् करून बसते. कोपऱ्यात ही वायर मोडून दाबायची नाही, आतला धागा तुटतो आणि वरून काही दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होत नाही अशी तक्रार ऑप्टिकलवर नेहमी येते. तो बिघाड नाही, ही वायर रिमोटचा हुकूम सहसा नेतच नाही. बारचाच रिमोट हाताशी ठेवावा लागतो.

यापुढची खूण मात्र दुकानातल्या माणसालाही नीट सांगता येत नाही. बातम्यांचा आवाज येतो, पण एखादं ॲप लावलं किंवा एखादा सिनेमा लावला की शांतता. असं झालं की वायर निर्दोष आहे हे पक्कं समजा. आवाज ज्या बांधणीत येतोय, ती बांधणी बारला उलगडता येत नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट असं काहीतरी असतं, तिथे ऑटो किंवा बिटस्ट्रीम काढून पीसीएम करा. मग टीव्ही स्वतः आवाज उलगडतो आणि साधा दोन बाजूंचा आवाज बारला देतो. सभोवतालच्या आवाजाची मजा थोडी कमी होईल. संवाद ऐकू येतील.

डिशचं वेगळं. दूरदर्शनची मोफत डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या साध्या डब्याची पिवळी-लाल-पांढरी वायर अजून कित्येक घरांत चालते. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. यातली एक ढिली झाली की एका बाजूचा आवाज जातो आणि शिव्या बारला बसतात. दुसरी चूक आवाजाच्या पातळीची. डब्याचा आवाज पाचवर ठेवून बार शेवटपर्यंत वाढवला की शब्दांबरोबर सळसळही वाढते. डब्याचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते बारवर करा. टीव्ही आणि बार दोन्ही एकदम बोलत असतील तर विहिरीत बोलल्यासारखं घुमतं. टीव्हीचा स्पीकर सेटिंगमधून बंद करा.

ब्लूटूथबद्दल मी कडक आहे. टीव्ही आणि बारमध्ये दोन हात अंतर असताना हवेतून आवाज पाठवण्याची गरज नाही. आवाज बांधून पाठवायला आणि पलीकडे उलगडायला वेळ लागतो, आणि तो सहज सेकंदाचा दहावा किंवा पाचवा हिस्सा होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मोजणीनुसार आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच, कारण निसर्गात आवाज कधी उजेडाच्या आधी पोचत नाही. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द सुटतात ते यामुळे. काही टीव्हींत एव्ही सिंक किंवा ऑडिओ डिले असतं, त्यानं थोडं सावरतं. आणि बार ब्लूटूथवर आहे म्हणजे पुण्याहून सुटीला आलेल्या पुतण्याचा मोबाइल त्याला आधी पकडणार, मग आजीची मालिका मुकी होणार. वायर विकत घ्या. वायर लावली की बारच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून वायरीवरही आणा, नाहीतर तो ब्लूटूथवरच वाट बघत बसेल.

घरघरीवर मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण तिथे प्रश्न आवाजापुरता राहत नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची. त्याच सुरात, किंवा त्याच्या दुपटीत, सलग घरघर येत असेल तर ती विजेची आहे. छतावरच्या डिशची किंवा केबलची वायर डब्यातून काढून बघा. घरघर थांबली तर ती त्या वायरीच्या वाटेनं येते आहे. अशा वेळी ऑप्टिकल वायर उपयोगी पडते, तिच्यात धातूच नाही, वीज ओलांडून जाणार कशी? पण तेवढ्यावर समाधान मानू नका. घराची अर्थिंग बघा. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकणारं कोणी उरत नाही, आणि तार कधीच गंजून गेलेली असते. घरघर घालवायला पिनेचा तिसरा, जाडा पाय कापून टाकणारे मेकॅनिक आहेत. आवाज थांबतो हे खरं. तो पाय घरातल्या माणसाच्या जिवासाठी असतो. तो कापणाऱ्याला घराबाहेर काढा, मग तो नात्यातला असला तरी.

कीर्तनासाठी, बातम्यांसाठी, मालिकेसाठी बारचा सिनेमा मोड बंद ठेवा. त्यात ढमढम वाढते आणि बोलणं दबतं. व्हॉइस, क्लिअर व्हॉइस किंवा न्यूज असं काही असेल ते लावा, वूफर दोन घरं खाली आणा. दुकानात बार नेमका उलटा दाखवतात, भिंत हादरवून.

आणि दुकानावरच यायचं आहे. खोक्यातली पुस्तिका उघडा. ढीगभर भाषा असतात, मराठी क्वचितच सापडते. खोक्यावरचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की वजनमापाच्या २०११ च्या नियमांचं समाधान होतं, राज्याच्या भाषेची सक्ती त्यात नाही. हे बदललं पाहिजे, आणि बदलेपर्यंत मराठीत सांगण्याचं काम विकणाऱ्यानं केलं पाहिजे. टीव्हीचं मॉडेल विचारायचं, एआरसी आहे की नाही ते सांगायचं, योग्य वायर खोक्यात आहे का बघायचं, आणि फोनवर का होईना, आवाज येईपर्यंत गिऱ्हाइकासोबत राहायचं. हंगामात गर्दी असते, हे मला मान्य नाही असं नाही. पण वर्षाचा घाम त्या एका हंगामात खर्च होतो.

गिऱ्हाइकानं जाताना टीव्हीच्या पाठीमागचा फोटो मोबाइलमध्ये न्यावा, सगळी भोकं आणि त्यांच्या जवळची अक्षरं दिसतील असा. पक्कं बिल मागावं. जोडून देण्याचं कबूल केलं असेल तर ते बिलावरच लिहून घ्यावं. आणि बार खरंच खराब निघाला, दुकानदार हात वर करू लागला, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मग बार पुण्यात घेतलेला असो की मोबाइलवरून मागवलेला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.