चिखलीत राहून मिश्रमाध्यमातले कलावंत कसे व्हावे

आधी एक वाक्य पाठ करा : ‘माझं काम स्मृती, अस्मिता आणि समाज यांच्यातल्या ताणाचा शोध घेतं.’ काम नसलं तरी चालेल, वाक्य हवंच. ‘म्हणजे नक्की काय?’ असं गॅलरीत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता साहित्य. बाकीच्यांना त्यासाठी वणवण करावी लागते, तुम्हाला शेजारीच भंगाराच्या गोदामांची कुदळवाडी आहे. निदान होती. 2025च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तिथली हजारो शेड आणि गोदामं पाडली. आयतं मांडणशिल्पच झालं होतं, पण खाली कलावंताचं नाव नसल्यानं समीक्षक फिरकले नाहीत. उरलंसुरलं धुंडाळा. एखाद्या गोणीत हात घाला, पण जपून. लेथवरून उतरलेली लोखंडाची कात स्प्रिंगसारखी वेटोळी असते, कडेला तापून निळसर झालेली, आणि बोट कापते ते कळतसुद्धा नाही. तिला कूलंटचा वास असतो, तो धुऊ नका. भोसरी-चाकणमधल्या कुणीतरी रात्रपाळीत ती आकड्यानं ओढून मशीनपासून बाजूला केली होती. पाठ केलेल्या वाक्यातला एवढाच भाग खरा आहे.

गंज हवा असेल तर पावसाळ्यात पत्रा गच्चीवर ठेवा. सोसायटीची नोटीस येईल, तीही चिकटवा.

नक्कल करायचीच तर नीट बघून करा. प्रभाकर पाचपुते कोळशानं चित्रं काढतात म्हणून तुम्हीही कोळसा आणाल. पण ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, घरची माणसं पिढ्यानपिढ्या खाणीत. त्यांचं कोळशाशी नातं दुकानातलं नाही. अतुल दोडिया घाटकोपरचे. त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली, शटर वर केलं की आत दुसरं चित्र. मुंबईत गडबड झाली की आधी खाली येतं ते शटरच. रुमाना हुसेन 1992-93च्या दंगलींनंतर कॅनव्हास सोडून फुटकी मडकी, गेरू, नीळ यांच्याकडे वळल्या. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी तर दलित साहित्यातले अन्नाचे उल्लेख घेऊन त्यांच्या पाककृती केल्या, ‘हे घ्या, ते करा’ अशा. त्या वाचल्यावर कृती सांगणाऱ्या कुणीही, म्हणजे मीसुद्धा, जरा वेळ गप्प बसावं. असो.

अस्मिता. गावठाणातले असाल तर विकलेल्या शेताचा सातबारा काढा. बुलढाण्याच्या चिखलीतून या चिखलीत आला असाल तर पहिला गेटपास शोधा. त्यावर ठेकेदाराचं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं छापलेलं असतं. तो मोठा करून काढू नका, आहे तेवढाच लावा, लोकांना वाकून वाचू दे.

समाज आपोआप येतो. उद्घाटनाला नगरसेवकांना बोलावलंत तर फ्लेक्ससकट येतो. तो फ्लेक्स नंतर मागून घ्या, मागची पांढरी बाजू चित्राला उत्तम.

काम विकलं गेलं नाही तर भंगारवाले किलोवर परत घेतील. मात्र लोखंडाला चिकटवलेलं कापड, रबर, फोटो आधी सोलून द्यावं लागेल. मिक्स मालाचा भाव पडतो.