अनुभवी माणसाने कोडिंग मुलाखत कशी द्यावी

पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं असेल, तर हिंजवडीत काय नि बंगळुरूत काय, मुलाखतीला निघण्यापूर्वी ती पंधरा वर्षं विसरा. रात्री दोन वाजता बंद पडलेली सिस्टिम तुम्ही कशी उभी केलीत, हे तिथे कुणी विचारणार नाही. लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगतील. आजवर तुम्ही ती केली नसेल, कारण कुणाला उलटी हवीच नव्हती.

शंका जपून विचारा. ‘ॲरे रिकामा असू शकतो का?’ याला गुण असतात. ‘हे लायब्ररीत आहे, मग हाताने कशाला?’ याला नसतात.

खरा कस अभिनयाचा. समजा, सलग आकड्यांची सर्वांत मोठी बेरीज शोधायला सांगितली. 1977 मध्ये उल्फ ग्रेनँडर यांना हा प्रश्न संशोधन करताना पडला. त्यांची रीत संथ होती. मायकेल शामोस यांनी रातोरात वेगवान रीत काढली. तीही सर्वोत्तम नव्हती. सर्वोत्तम रीत निघाली कडाने यांच्या हातून. तुम्हाला वीस मिनिटं आहेत. उत्तर अर्थातच पाठ असतं, पण धाडकन सांगू नका. आधी चुकीची, संथ रीत मांडा. कपाळाला आठ्या घाला. मग ‘अरे, थांबा हं...’ म्हणत कडाने व्हा. समोरच्यालाही उत्तर पाठच असतं. दोघांनी मिळून शोध लावायचा.

हे सगळं मोठ्याने बोलत करायचं. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2020 मध्ये 48 विद्यार्थ्यांवर हे तपासलं : परीक्षकासमोर बोलत सोडवणाऱ्यांची कामगिरी एकांतात सोडवणाऱ्यांच्या निम्म्याहून खाली गेली. म्हणजे घाम पुसण्याचा सरावही आलाच.

नापास झालात तर वाईट वाटून घेऊ नका. होमब्रू हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना 2015 मध्ये गूगलने नाकारलं. कारण, त्यांच्याच म्हणण्यानुसार, फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही. तिथले बहुतेक अभियंते होमब्रूच वापरतात, हेही त्यांनीच सुनावलं.

काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. तोवर रोज लीटकोडवर असलीच कोडी सोडवत दोन-तीन तास बसा. सध्या नोकरीत असाल तर मात्र कठीण आहे. तिथे सॉफ्टवेअर लिहावं लागतं.